मात चालत्या गाडीत देत नाहीत

आक्कांच्या पणजीला लोक मागून ‘करवत’ म्हणत. एका सोनाराने तिला भर दुकानात सांगितले होते, की बायकांना वजनातले काही कळत नाही. घरी येऊन ती वजनमापे शिकली, आणि सोनाराचे केस पांढरे झाल्यावर एका सकाळी, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेले पाहून, त्याच्या तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेले मेण तिने नखाने खरवडून त्याच्याच तळहातावर ठेवले. आजीला ‘हुकूमराणी’ म्हणत. तिच्या थोरल्या दिराचे ठाम मत होते, की बाईमाणसाला सायकल पेलत नाही. पुढे त्याच दिराचा पाय मुरगळला, तेव्हा आजीने त्याला कॅरिअरवर बसवून मुद्दाम लांबच्या वाटेने, भर बाजारातून डॉक्टरकडे नेले. आईला ‘मौनीबाई’ म्हणत. तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही, असे मुख्याध्यापकांनी तिला एकदा सुनावले होते. त्यांच्या निरोपसमारंभात आई ध्वनिक्षेपकाशिवाय इतका वेळ बोलली, की सत्कारमूर्तींची परतीची गाडी चुकली.

सांगायचे ते एवढेच, की विसरणे हा त्या घराण्यात आजार समजला जाई, आणि आक्कांची प्रकृती पहिल्यापासून ठणठणीत होती.

आक्कांच्या डोक्यावरचे ऋण मुलाच्या लग्नाच्या बोलणीच्या दिवशी चढले. व्याही वकील. त्यांच्या दिवाणखान्यात शिसवी पटावर बुद्धिबळ मांडलेले होते. आक्का आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. पट पाहून त्यांचा हात शिवशिवला. “एक डाव होऊन जाऊ दे,” त्या म्हणाल्या. व्याह्यांनी तो डाव अर्धे लक्ष वर्तमानपत्रात ठेवून, मधूनच दूधवाल्याशी बोलत जिंकला. आक्का पटाकडे पाहत राहिल्या. तेव्हा व्याही म्हणाले, “असू दे, विहीणबाई. चहा घ्या. थंड होईल.”

हरणे आक्कांना ठाऊक होते. शाळा तपासणीस येत तेव्हा त्यांच्याशी वादात त्या अनेकदा हरल्या होत्या. पण ‘असू दे’! रडणाऱ्या पोराला म्हणावे तसे ‘असू दे’! आक्कांनी तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, कप बशीत आवाज न करता ठेवला आणि “मुलगी आम्हाला पसंत आहे,” असे सांगून त्या उठल्या.

त्यानंतर कितीतरी वर्षे व्याह्यांनी दुसरा डाव मांडू दिला नाही. कधी चष्मा नसे, कधी कोर्टाची तारीख असे, कधी नुसतेच “कशाला त्रास विहीणबाईंना?” असे. अखेर तेही निवृत्त झाले, घरात कंटाळले, आणि टॅबलेटवरून खेळायला तयार झाले. “हा एकच. मग डोळ्यांसाठी मी खेळ सोडणार आहे,” असे त्यांनी आधीच जाहीर करून ठेवले. नियम साधा होता. प्रत्येक चालीला एक दिवस. दिवसाच्या आत चाल केली नाही, तर डाव समोरच्याचा. त्यात आजारपण चालत नाही, प्रवास चालत नाही, मरण तर मुळीच चालत नाही.

आणि या वेळी आक्का जिंकत होत्या. व्याह्यांचा वजीर गेला होता, दोन प्यादी गेली होती, राजा कोपऱ्याकडे सरकत होता. नेमक्या त्याच आठवड्यात चिरंजीवांना घरगाडीची उबळ आली.

घरगाडी म्हणजे ज्या वाहनात माणसे झोपतात, स्वयंपाक करतात, आंघोळ करतात आणि या तिन्ही गोष्टी धड होत नसल्याबद्दल भाडे भरतात. चिरंजीव बँकेत अधिकारी. त्यांनी गाडी भाड्याने ठरवली, सुट्टी मंजूर करून घेतली, पाण्याची टाकीसुद्धा भरली आणि मग आईला सांगितले. ही त्यांची बँकेतली पद्धत. गिऱ्हाइकाला शेवटी कळवतात.

“आक्का, तळ्याकाठी मुक्काम आहे. झाडी, पक्षी, शांतता!”

“इंटरनेट?”

“सगळी व्यवस्था केलीय. छपरावर अँटेना, आत राउटर, नवं कनेक्शन. घरातल्यापेक्षा जोरात चालेल.”

“ही जागा तुला सुचवली कोणी?”

चिरंजीवांनी बायकोकडे पाहिले. सूनबाईंनी खिडकीकडे पाहिले.

“बाबांनी,” सूनबाई म्हणाल्या. “ते तिथे एकदा राहून आलेत. म्हणाले, फार शांत आहे. फोनसुद्धा वाजत नाही.”

आक्कांनी डोळे मिटले. वकील माणूस! पटावर हरू लागला की पटच उचलून रानात नेणार! बाहेरून मात्र त्या एवढेच म्हणाल्या, “जाऊ या. कोणाला घाबरून घरी बसायची रीत नाही आपल्याकडे.”

आता शेजार. वरच्या मजल्यावर टॉवरकाका राहत. टेलिफोन खात्यात त्यांनी हयात घालवली होती, तीही बिलांच्या विभागात. तारेला त्यांचा हात उभ्या जन्मात लागला नव्हता, त्यामुळे त्यांचे ज्ञान अगदी शुद्ध राहिले होते. अँटेना चढवताना ते गॅलरीतून सूचना देत होते.

“रेंज ही पाण्यासारखी असते, आक्का. उताराला येते. अँटेनाचं तोंड उताराकडे ठेवा!”

“आणि चढ लागला की?”

“चढाला गाडी उलटी घ्यायची.”

चिरंजीवांनी हे टिपून घेतले. आक्कांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले, जिच्यापुढे पूर्वी अख्खा वर्ग अपूर्णांक विसरत असे. तरी घराची किल्ली टॉवरकाकांकडेच दिली, कारण किल्ली ठेवायला ज्ञान लागत नाही.

एक गोष्ट मात्र निघतानाच घडली, आणि पुढचा सगळा अनर्थ तिच्या पोटातून जन्मला. सूनबाई सहज म्हणाल्या, “आक्का, काही अडलंच तर माझा फोन आहे. दुसऱ्या कंपनीचा आहे, बहुतेक सगळीकडे लागतो.”

“त्याचं बिल कोण भरतं?”

“बाबाच. लग्नाआधीपासून आमच्या घरच्या योजनेत आहे, ते तसंच चालू राहिलं.”

“मग तो तुझ्या पर्समध्येच राहू दे,” आक्का म्हणाल्या. “ज्याला मात द्यायची, त्याच्याच तारेवरून मी चाल पाठवू? आमच्या घराण्यात हे झालं नाही.”

घराण्यात इंटरनेटच झाले नव्हते, हे सांगण्याची हिंमत गाडीत कोणाची नव्हती.

प्रवास बरा चालला होता. राउटरवर हिरवे दिवे लुकलुकत होते. पाचच्या सुमारास आक्कांच्या मांडीवरचा टॅबलेट टुणकन वाजला. व्याह्यांची चाल आली होती. आक्कांनी चष्मा पुसला. एकदा पाहिले, दोनदा पाहिले. राजा कोपऱ्यात! त्याच्या पुढे त्याचीच दोन प्यादी, अगदी अंगाला अंग लावून. आता आक्कांचा हत्ती शेवटच्या ओळीत सरकला, की शह, आणि सुटका कुठेच नाही. एक चाल. इतक्या वर्षांचा हिशेब एका बोटावर आला होता.

“काय झालं आक्का?” सूनबाईंनी विचारले.

“मात आहे.”

“मग द्या ना!” चिरंजीव गाडी चालवता चालवता ओरडले.

आक्कांनी टॅबलेट मिटला. “मात चालत्या गाडीत देत नाहीत. तो काय पानपट्टीचा हिशेब आहे, खड्ड्यातून जाता जाता उरकायला? मुक्कामाला पोचू. मी आंघोळ करीन, नीट बसेन, समोर चहा असेल. मग हत्ती सरकेल. उद्या पाचपर्यंत वेळ आहे.”

त्या क्षणी सगळे दिवे हिरवे होते, हे वाचकांनी नोंदवून ठेवावे. आक्का पुढे कित्येक दिवस दुसरे काही नोंदवत नव्हत्या.

मुक्कामाच्या जागेला फाटक होते आणि फाटकावर आडवी लोखंडी कमान. कमानीवर ‘सुस्वागतम्’ लिहिले होते. त्या सुस्वागतम्‌ने अँटेना मुळापासून उपटली. ‘काड्’ असा आवाज झाला. चिरंजीव खाली उतरले, वर पाहिले, मागे पाहिले आणि म्हणाले, “उंचीचा बोर्ड लावायला नको का यांनी?” बोर्ड होता. त्याच्यावर वेल चढला होता.

आक्कांनी तरीही आंघोळ केली. घरगाडीतल्या मोरीत कोपर हलवले की साबण सूनबाईंच्या गादीवर जातो. तो गेला, परत आला. मग त्या नीट बसल्या, समोर चहा आला, टॅबलेट उघडला. पडद्यावर अक्षरे होती: ‘संपर्क नाही’.

“अरे!” आक्कांनी हाक मारली. या ‘अरे’मध्ये चिरंजीवांचे बालपण, शिक्षण आणि नोकरी यांवरचा सारा अभिप्राय होता.

“सकाळी बघू. मागे ते वळण लागलं ना, टपरीजवळ, तिथे रेंज होती. सकाळी तिथे जाऊन पाठवू. पाचच्या खूप आधी.”

सकाळी ते वळणावर गेले. रेंज खरोखरच होती. अँटेना नसतानाही राउटरने दिवे लावले, आणि चिरंजीवांच्या फोनवर कंपनीचा संदेश आला. संदेश नम्र होता. कंपनीने पहिला दिवस औदार्याने दिला होता. आता ग्राहकाची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कौटुंबिक योजनेतील सर्व क्रमांकांचे इंटरनेट थांबवण्यात येत होते. बोलणे तेवढे चालू राहील. पडताळणीसाठी नोंदणीकृत क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे, तो दहा मिनिटांत भरावा.

“सर्व क्रमांकांचे म्हणजे?” आक्कांनी विचारले.

“म्हणजे... मी माझा फोनही याच योजनेत घेतला. स्वस्त पडतं.”

“वा! एकाच कुलपात सगळं घर घातलंस. आणि नोंदणीकृत क्रमांक कोणाचा?”

“तुमचाच. तुम्हीच म्हणालात ना, माझा नंबर दे, तो सुरक्षित आहे.”

तो सुरक्षित होता यात संशय नाही. वाढदिवसाला मिळालेला तो फोन आक्कांनी एकदाही वापरून खराब केला नव्हता. काचेवरची प्लास्टिकची पट्टीसुद्धा काढली नव्हती. दर रविवारी त्या तो चार्ज करीत, मऊ फडक्याने पुसत, त्याच्याच खोक्यात घालत, आणि खोके लोखंडी कपाटाच्या आतल्या तिजोरीत ठेवत.

चिरंजीवांनी टॉवरकाकांना फोन लावला. काका किल्ली घेऊन धावले. फोनवर त्यांचा श्वास, जिना, कुलूप, सगळे क्रमाने ऐकू आले.

“आलो! बेडरूममध्ये आहे. पाठवा ओटीपी!”

चिरंजीवांनी पुन्हा मागवला. मग काका आनंदाने ओरडले, “आला! आला! टिंग झालं! कपाटात झालं!”

“काढा आणि वाचा!”

“कपाटाला कुलूप आहे.”

सगळ्यांनी आक्कांकडे पाहिले. आक्कांनी पर्स उघडली. कपाटाची किल्ली तिच्यात होती, तिजोरीची किल्ली तिला बांधलेली होती, आणि दोन्ही घरापासून एका दिवसाच्या अंतरावर होत्या.

“परत पाठवा!” काका सांगत होते. “कान लावून ऐकतो. पुन्हा टिंग झालं! स्पष्ट झालं! तुमच्याकडे नेटवर्क उत्तम आहे आक्का, कपाटाच्या आतसुद्धा!”

“काका,” आक्का शांतपणे म्हणाल्या, “घराबाहेर या. दार ओढून घ्या. आणि मी येईपर्यंत कोणालाही सल्ला देऊ नका.”

मग कंपनीच्या मदतकेंद्राला फोन झाला. एका गोड आवाजाने सांगितले, की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आक्कांनी तिला विचारले, की महत्त्वाचा आहे तर घेत का नाही. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटले. आक्का तिच्याशी बराच वेळ भांडल्या. ती बाई ध्वनिमुद्रित आहे हे कळल्यावरही थांबल्या नाहीत. रागाला श्रोता हवाच असतो असे नाही.

सूनबाई टपरीच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पर्समधून त्यांच्या फोनचा बारीक आवाज येत होता. वाजत होता म्हणजे लागत होता. आक्कांनी तिकडे पाहिले नाही. पर्स बंदच राहिली.

“मुक्कामाच्या ऑफिसात वाय-फाय आहे,” टपरीवाला म्हणाला. “पाटी लावलीय त्यांनी.”

दुपार कलली होती. गाडी परत फाटकातून आत आली. या वेळी कमानीला तोडायला काही उरले नव्हते. ऑफिसात एक व्यवस्थापक टेबलामागे बसले होते, टेबल स्वच्छ होते, आणि वाय-फाय खरोखरच होते.

“पाहुण्यांसाठी मोफत आहे,” व्यवस्थापक म्हणाले. “फक्त लॉगिन करा. तुमच्या मोबाइलवर कोड येईल.”

“मोबाइलला इथे रेंज नाही.”

“नाहीच येत. म्हणून तर वाय-फाय ठेवलंय.”

“पण कोड मोबाइलवर येणार.”

“हो.”

“रेंज नसलेल्या मोबाइलवर.”

“बरोबर.”

“मग आजवर हे वाय-फाय वापरलं कोणी?”

व्यवस्थापकांनी प्रामाणिकपणे विचार केला. “तक्रार अजून कोणी केलेली नाही,” ते म्हणाले.

“ती कशी करतील? तक्रार ऑनलाइन करायची असेल!”

“हो, तशीच आहे,” व्यवस्थापक खूश होऊन म्हणाले. शहाण्या गिऱ्हाइकाचा त्यांना आदर वाटला.

आक्का बाहेर आल्या. घरगाडीच्या पायरीवर बसल्या. साडेचार होऊन गेले होते. वळणापर्यंत जायला आता वेळ नव्हता, आणि जाऊनही उपयोग नव्हता. तळ्यावर पक्षी होते, झाडी होती. व्याही म्हणाले होते तशीच फार शांतता होती. चिरंजीव दूर उभे राहून टायर तपासत होते. टायरला काही झाले नव्हते.

आक्कांच्या मांडीवर टॅबलेट होता. त्यावर राजा कोपऱ्यात अडकलेला, हत्ती एका बोटाच्या अंतरावर. पाच वाजले की यंत्र सांगणार: व्याही जिंकले. ते खेळ सोडतील. पुढच्या भेटीत वर्तमानपत्रावरून पाहत म्हणतील, “असू दे, विहीणबाई.” आणि ते ‘असू दे’ मग कायमचे असेल. पणजीने मेण काढले, आजीने दीर वाहून नेला, आईने गाडी चुकवली. आक्का मात्र किल्ली पर्समध्ये घेऊन तळ्याकाठी बसल्या होत्या.

“आक्का.” सूनबाई समोर उभ्या होत्या. फोन हातात होता. “छपरावर एक दांडी येते. खाली नाही येत, वर येते. मी चढून पाहिलं.”

“मी सांगितलंय तुला.”

“सांगितलंत. आता माझं ऐका.” सूनबाईंचा आवाज या घरात प्रथमच एवढा चढला होता. चिरंजीवांनी टायर सोडला. “त्या दिवशी आमच्याकडे चहाचा ट्रे कोणी आणला होता?”

आक्कांनी टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला.

“मी आणला होता. दारातच उभी होते. बाबा ‘असू दे’ म्हणाले तेव्हा तुमचा चेहरा पाहिला मी. आईला ते रोज असंच म्हणायचे. भाजीला, हिशेबाला, आजारपणाला. वाटलं, ही बाई आता उठणार आणि सोयरीक मोडणार. मोडली असतीत तर चूक नव्हती तुमची. पण तुम्ही सगळा चहा प्यायलात आणि म्हणालात, मुलगी पसंत आहे. बापाचा राग तुम्ही माझ्यावर काढला नाहीत, आक्का. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.”

“त्याचं काय?”

“ते माझ्यावर राहिलंय. फेडू द्या की!”

“तार तुझ्या बापाची आहे.”

“तार त्यांची, हात माझा. आणि हा हात तुमच्या घरी येऊन बरीच वर्षं झाली.”

आक्कांनी सुनेकडे नीट पाहिले. तिच्या साडीच्या निऱ्यांना छपरावरची धूळ लागली होती. म्हणजे विचारण्याआधीच ती चढून आली होती. हे त्यांना आवडले.

“ते तुझे वडील आहेत. हरतील.”

“हरू देत. सवय नाही त्यांना. लागेल.”

“अरे,” आक्का उठल्या, “शिडी धर.”

घरगाडीच्या मागे लोखंडी शिडी असते. ती सामान चढवायला असते. निवृत्त शिक्षिका चढवायला ती बनवलेली नसावी. सूनबाई छपरावर जाऊन गुडघ्यांवर बसल्या आणि फोन दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. फोनचा हॉटस्पॉट पत्र्याखाली टॅबलेटपर्यंत उतरत नव्हता, म्हणून आक्कांनाच वर जावे लागले. पदर खोचून, टॅबलेट बगलेत धरून त्या एकेक पायरी चढल्या. खाली चिरंजीव शिडीला मिठी मारून, डोळे मिटून “आक्का, सावकाश!” म्हणत होते. व्यवस्थापक ऑफिसातून धावत आले.

“बाई, छपरावर चढायला मनाई आहे! पाटी आहे!”

“तक्रार करा,” आक्का वरून म्हणाल्या. “ऑनलाइन.”

डोके छपराच्या वर आले. “जोडलं का?” त्यांनी विचारले. “थांबा... डावीकडे... आलं! आलं आक्का!” पडद्यावरचे ‘संपर्क नाही’ विरघळले. घड्याळात मोजकी मिनिटे उरली होती. आक्कांनी कोपराने शिडी धरली, चष्मा सारखा केला, केस कपाळावरून मागे घेतले. गाडी उभी होती. एवढी एक अट पाळली गेली होती.

त्यांनी हत्तीवर बोट ठेवले आणि तो शेवटच्या ओळीत नेऊन सोडला.

क्षणभर काही झाले नाही. मग पडद्यावर राजा आडवा झाला.

सूनबाईंनी हात खाली घेतला, तोच त्यांच्या हातातला फोन वाजू लागला. ‘बाबा’. सूनबाईंनी फोन आक्कांपुढे धरला.

“बोला,” आक्का म्हणाल्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही. व्याह्यांचे पहिले शब्द होते, “विहीणबाई... तिथे रेंज येते?”

“येते,” आक्का म्हणाल्या. “तुमच्याच फोनची.”

वकील माणूस, पण युक्तिवाद सापडेना. अखेर पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. “चांगला... चांगला खेळलात हो.”

“असू दे, व्याहीबुवा,” आक्का म्हणाल्या. “चहा घ्या. थंड होईल.”

चिरंजीवांनी गाडीतून दुपारच्या चहाचा कप आणून खालून वर दिला. तो केव्हाच गार झाला होता. आक्कांनी शिडीवरच उभे राहून तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, आणि रिकामा कप सुनेच्या हातात दिला.